परमुलखात घर मांडताना



इंग्लंड-अमेरिकेला गेलेला मुलगा किंवा पुतण्या आता आपल्याकडे गल्लीगल्लीत सापडतो. त्याचे कौतुकही जुने झाले. पण अलीकडे कारखान्यांच्या आणि संगणकाच्या कामानिमित्त आपली काही कुटुंबे मेक्सिकोतील ग्वादालाहारा किंवा केरेतारो येथे, स्पेनमधील माद्रिद किंवा बार्सिलोना येथे बिऱ्हाड हलवू लागली आहेत. या कुटुंबांचा प्रश्न जरा निराळा आहे. इंग्रजी मुलखात जाणारा माणूस मोडकीतोडकी का होईना, तिथली भाषा गाठीला बांधून जातो. स्पॅनिश मुलखात उतरणाऱ्या कुटुंबाला पहिल्या दिवशी दूध मागण्यापासून सुरुवात करावी लागते. मग निघण्यापूर्वी घरात ज्या बैठका होतात, त्यांत बापाला पगाराची आणि घरभाड्याची काळजी असते, आईला शाळेची आणि दवाखान्याची, आणि कोपऱ्यात बसलेल्या आजीला एकच काळजी असते. ती म्हणते, "नातवंडं माझ्याशी बोलतील ना?"

आज आम्ही बोलणार आहोत ते या आजीच्या प्रश्नावर. नुसत्या उपदेशाने त्याचे उत्तर मिळत नाही. ज्यांनी हा प्रयोग पूर्वी करून पाहिला, त्यांचा जमाखर्च तपासावा लागतो. असा एक प्रयोग १८६५ साली सुरू झाला आणि आज दीडशेहून अधिक वर्षांनीही तो संपलेला नाही. ब्रिटनच्या पश्चिमेस वेल्स नावाचा डोंगराळ प्रांत आहे. तेथील काही कुटुंबे मुलाबाळांसह अर्जेंटिनाच्या दक्षिणेस, पातागोनिया नावाच्या ओसाड मुलखात जाऊन राहिली. त्यांची हकीकत आम्ही सांगणार आहोत.

प्रथम, ती माणसे गेली का? पोट हे कारण होतेच. गरिबी होती, जमीनदारांचा जाच होता. पण आणखी एक कारण होते, ते भाषेचे. वेल्श ही इंग्रजीहून अगदी वेगळी, प्राचीन भाषा आहे. १८४७ साली वेल्समधील शिक्षणावर एक सरकारी अहवाल निघाला. तो करणाऱ्या तीन इंग्रज अधिकाऱ्यांना वेल्श येत नव्हती. त्यांनी तेथील लोकांच्या अज्ञानाचे आणि अनीतीचे खापर त्यांच्या भाषेवर फोडले. कित्येक शाळांत वेल्श शब्द उच्चारणाऱ्या मुलाच्या गळ्यात लाकडाची एक पट्टी अडकवीत. त्या मुलाने दुसऱ्या कोणाला वेल्श बोलताना पकडले की पट्टी त्याच्या गळ्यात जाई. आणि दिवसअखेर ज्याच्या गळ्यात ती उरे, त्याला मार बसे. पोरांनी पोरांवर पाळत ठेवावी आणि आईच्या भाषेची लाज शिकावी, अशी ती युक्ती होती.

बाला गावच्या धर्मशिक्षण देणाऱ्या विद्यालयाचे प्रमुख मायकेल जोन्स यांनी या प्रश्नाचा विचार केला. ते १८४८ च्या सुमारास अमेरिकेत जाऊन आले होते. तिथे गेलेले वेल्श लोक सुखी होते, पोटभर खात होते, पण त्यांची मुले इंग्रजी बोलू लागली होती आणि बापाची भाषा विसरत होती. हे पाहून जोन्स यांनी असा निष्कर्ष काढला की, एकेकटे जाऊ नये. सर्वांनी मिळून एका जागी जावे आणि जिथे इंग्रजी नाही अशा ठिकाणी जावे. अर्जेंटिना सरकारलाही दक्षिणेकडे वस्ती हवीच होती. त्या सरकारचे गृहमंत्री गिल्येर्मो रॉसन यांच्याशी बोलणी झाली आणि चुबूत नदीच्या खोऱ्यात जमीन मिळण्याचे ठरले.

२८ मे १८६५ रोजी 'मिमोझा' नावाचे जहाज लिव्हरपूलहून निघाले. हे मुळात चहा वाहून नेणारे शिडाचे जहाज. त्यावर सुमारे १६० माणसे चढली. त्यांत कोळशाच्या खाणीतले कामकरी होते, कारागीर होते. शेती जाणणारे मात्र थोडे. दोन महिन्यांच्या प्रवासात काही मुले दगावली, काही जन्मली, एक लग्नही लागले. २८ जुलैला जहाज किनाऱ्याला लागले. ते ठिकाण म्हणजे आजचे प्वेर्तो माद्रिन. जुलै म्हणजे तिकडचा ऐन हिवाळा. वेल्समध्ये त्यांना हिरव्यागार कुरणांचे वर्णन ऐकवले होते; समोर काटेरी झुडपे आणि खडी होती, आणि प्यायला गोडे पाणी नव्हते. नदी चाळीस मैलांच्या आसपास दूर. पुरुष पायी निघाले, बायकामुले मागाहून एका लहान गलबतातून निघाली, आणि ते गलबत वादळात सापडून फार उशिरा पोचले.

श्रोतेहो, स्थलांतराच्या गोष्टी सांगताना आपण नेहमी पुढाऱ्यांची नावे घेतो. पण बिऱ्हाड हलते तेव्हा त्याचा खरा भार कोणाच्या डोक्यावर पडतो, हे त्या गलबतातल्या बायकांना विचारावे. आजारी मूल मांडीवर, पाणी मोजके, नवरा कुठे आहे ते ठाऊक नाही, आणि उतरल्यावर चूल कशाची मांडायची तेही ठाऊक नाही. आज विमानाने जाणाऱ्या गृहिणीला इतके सोसावे लागत नाही हे खरे. पण नवरा कचेरीत आणि मुले शाळेत गेल्यावर ज्या शांत घरात ती एकटी उरते, तिथली कोंडी त्याच जातीची आहे. याकडे आम्ही पुढे वळूच.

चुबूतच्या खोऱ्यात वर्षाकाठी सुमारे २०० मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्या माणदेशातल्या पावसाच्या निम्म्याहूनही तो कमी. पहिली पिके करपली. १८६७ साली तर सर्वांनी गाशा गुंडाळून दुसरीकडे जाण्याचा बेत केला होता. त्याच साली एरन जेंकिन्स या शेतकऱ्याने नदीचे पाणी चर खणून शेतात घेतले आणि गहू तरारला. ही कल्पना त्याची बायको रेचेल हिची, असे तिकडे परंपरेने सांगतात. त्या एका चरातून पुढे खोरेभर कालवे झाले, आणि चुबूतच्या गव्हाला १८८९ साली पॅरिसच्या व १८९३ साली शिकागोच्या प्रदर्शनात सुवर्णपदक मिळाले.

पण पीक येईपर्यंत ही माणसे जगली कशी? त्या भूमीचे मूळचे रहिवासी तेहुएल्चे लोक होते. १८६६ साली त्यांची आणि वेल्श लोकांची पहिली भेट झाली. त्यांनी या खाणकामगारांना शिकार करायला शिकवले; मांस आणि पिसे देऊन ते पाव आणि लोणी घेत. पावाला वेल्श भाषेत 'बारा' म्हणतात, आणि स्पॅनिशमध्ये 'पोको' म्हणजे थोडे. तेहुएल्चे माणूस दारात येऊन 'पोको बारा' म्हणे. तिसऱ्याच जातीचा माणूस दोन परक्या भाषांचा सांधा जोडून भाकरी मागतो, आणि ती त्याला मिळते, हे चित्र आम्हांस फार बोलके वाटते. मात्र सत्य पुरते सांगायला हवे. सरकारने वेल्श लोकांना दिलेली जमीन कोणाची नव्हती असे नाही. ती या तेहुएल्चे लोकांची होती. पुढे अर्जेंटिनाच्या लष्कराने दक्षिणेत मोहीम काढून त्यांचा बीमोड केला. १८८३ साली वसाहतवाल्यांनी आपल्या शेजाऱ्यांच्या बाजूने सेनापतीकडे रदबदली केली, पण तिचा उपयोग झाला नाही. स्वतःची भाषा वाचवायला निघालेल्यांच्या वस्तीमागून दुसऱ्यांची भाषा पुसली गेली. ही नोंद खर्चाच्या बाजूला धरावीच लागते.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे वळू. भाषा टिकली का, आणि टिकली ती कशामुळे?

प्रार्थनेमुळे आणि आयांच्या अंगाईमुळे ती टिकली, असे उत्तर आपण चटकन देऊ. ते अर्धे खरे आहे. पहिली तीस-चाळीस वर्षे त्या खोऱ्यात वेल्श भाषेला भरपूर काम होते, हे त्या उत्तरात येत नाही. वसाहतीचे नियम त्या भाषेत लिहिले होते. अठरा वर्षांवरील स्त्री-पुरुष दोघांनाही मत होते आणि मतदान गुप्त होते. १८६८ साली एक हस्तलिखित पत्र निघाले, ते घरोघर फिरवून वाचत. १८९१ साली लुईस जोन्स यांनी 'अ द्रावोद', म्हणजे 'चर्चा', नावाचे वृत्तपत्र काढले; ते आजही निघते. १८७८ साली बर्विन नावाच्या शिक्षकाने मुलांसाठी वेल्श पाठ्यपुस्तक लिहिले. कालव्याच्या पाण्याच्या पाळ्या वेल्श भाषेत लागत, त्यावरची भांडणे वेल्श भाषेत होत, आणि १८८५ साली स्थापन झालेल्या सहकारी व्यापारी मंडळीचे हिशेबही त्याच भाषेत लिहिले जात. पाणी, पैसा आणि पंचायत ही तीन कामे भाषेकडे असली की मुलाला ती शीक म्हणून सांगावे लागत नाही. ती आली नाही तर शेताला पाणी मिळत नाही, हे त्याला दिसत असते.

मग हळूहळू शासन येऊन पोचले. १८८४ साली अर्जेंटिनात सक्तीच्या शिक्षणाचा कायदा झाला आणि शाळा स्पॅनिश झाल्या. तरुणांना रविवारी लष्करी कवायत करावी लागे. धर्मनिष्ठ घरांना ते रुचले नाही. अखेर १८९९ साली राष्ट्राध्यक्ष रोका यांनी तो वाद मिटवला. १९४३ साली तर मुलांची परभाषिक नावे नोंदवू नयेत असा हुकूम निघाला. वाटेल की या लोकांनी आता पुन्हा गलबत गाठले असेल. काही जण गेलेही. १८९९ च्या मोठ्या पुरानंतर १९०२ साली काही कुटुंबे कॅनडात गेली. पण राहिले त्यांनी काय केले, ते पाहण्याजोगे आहे.

त्याच १९०२ साली अँडीज पर्वताच्या पायथ्याच्या खोऱ्यावरून अर्जेंटिना आणि चिली यांचा सरहद्दीचा वाद पेटला होता. निवाड्यासाठी आलेले इंग्रज अधिकारी सर थॉमस होल्डिच हे आपल्या हिंदुस्थानच्या सरहद्दीची मोजणी करण्यात आयुष्य घालवलेले गृहस्थ. ३० एप्रिल रोजी ट्रेवेलिन गावच्या शाळेत त्यांनी तिथल्या वेल्श रहिवाशांनाच विचारले की, तुम्हांला कोणत्या देशात राहायचे आहे? त्यांनी अर्जेंटिना म्हणून सांगितले. ज्या सरकारशी शाळेवरून आणि कवायतीवरून भांडण, त्याच देशाला त्यांनी आपला म्हटले. भांडण घरातले होते. घर बदलायचे नव्हते. परमुलखात गेलेल्या कुटुंबाने यातून एक गोष्ट उचलावी. आपली भाषा राखणे म्हणजे त्या देशाशी अबोला धरणे नव्हे.

यानंतर उतरती कळा लागली, आणि तिचे कारण शाळेपेक्षा मोठे होते. १९१४ च्या महायुद्धामुळे वेल्सहून माणसे येणे थांबले. सहकारी मंडळी १९३० नंतरच्या मंदीत बुडाली. कालव्यांचा कारभार सरकारकडे गेला. म्हणजे पाणी, पैसा आणि पंचायत ही तिन्ही कामे वेल्श भाषेच्या हातून सुटली. तिच्याकडे रविवारची प्रार्थना आणि स्वयंपाकघर एवढेच उरले. प्रेम पूर्वीइतकेच होते. पण म्हातारी माणसे बोलत आणि मुले स्पॅनिशमध्ये उत्तर देत.

हे चित्र आपल्याला अनोळखी वाटू नये. तंजावरला १६७५ च्या सुमारास एकोजीराजांबरोबर मराठी गेली. तिच्यात दफ्तरे लिहिली गेली, नाटके झाली, आणि १८०३ साली बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरला गेला. १८५५ साली राज्य खालसा झाले आणि मराठी दरबारातून माजघरात आली. तंजावरच्या कित्येक घरांनी ती त्यानंतरही जिवापाड सांभाळली, हा त्यांचा मोठेपणा. पण नोकरीतून निवृत्त झालेल्या माणसाला घरात मान असतो आणि काम नसते, तशी तिची अवस्था झाली. चुबूतमध्ये वेल्शचे तेच झाले.

मग प्रयोग संपला कसा नाही? १९६५ साली वसाहतीची शताब्दी आली. वेल्सहून पाहुण्यांची एक तुकडी तिकडे गेली, आणि आपल्या भाषेला समुद्रापलीकडे एक चालतेबोलते घर आहे हे दोन्हीकडच्यांना नव्याने उमगले. काव्यगायनाची जुनी जत्रा पुन्हा भरू लागली. १९९७ पासून वेल्सचे शिक्षक नियमाने तिकडे पाठवले जातात. ट्रेलेउ, गाइमान आणि ट्रेवेलिन या तीन गावांत आता वेल्श-स्पॅनिश शाळा आहेत, आणि त्यांत वेल्श वंशाची नसलेलीही मुले शिकतात. गाइमानच्या चहाघरांत वेल्श पद्धतीचा चहा आणि काळा केक मिळतो. १९९५ साली राजकन्या डायना तिथे चहाला गेल्या होत्या. वेल्श बोलणारे आज तिकडे काही हजारच आहेत. आकडा लहान आहे. पण शिक्षकाची जागा, शाळेचा वर्ग, पाहुण्यांची सरबराई अशी थोडी कामे भाषेला परत मिळाली, आणि ती उठून बसली.

आता हा जमाखर्च आपल्या घरी आणू. स्पॅनिश मुलखात जाणाऱ्या मराठी कुटुंबाने काय करावे?

पहिली गोष्ट, स्पॅनिश मनापासून शिकावी, आणि घरातील सर्वांनी शिकावी. येथे आपल्याच माणसाचे उदाहरण आहे. वर्ध्याकडचे क्रांतिकारक डॉ. पांडुरंग खानखोजे १९२४ साली मेक्सिकोत पोचले. चापिंगोच्या शेतकी विद्यालयात त्यांनी शिकवले, शेतकऱ्यांसाठी मोफत शेतकी शाळा काढल्या, मक्याच्या नव्या वाणांवर काम केले, आणि चित्रकार दिएगो रिवेरा यांनी त्यांना आपल्या भित्तिचित्रात जागा दिली. हे सारे स्पॅनिश बोलल्या-लिहिल्यावाचून झाले नसते. तरीही ते मायदेशाला विसरले नाहीत. स्वतंत्र भारतात परत येऊन त्यांनी नागपुरास अखेरचे दिवस काढले. तिथली भाषा शिकल्याने इथली जाते, ही भीती निराधार आहे.

शिवाय स्पॅनिश आपल्या जिभेला परकी नाही. तिचे त आणि द आपल्यासारखेच दंत्य आहेत. 'तू' आणि 'आपण' हा भेद तिलाही कळतो. नामांना तिच्यात दोनच लिंगे आहेत. तीन लिंगे सांभाळणाऱ्या मराठी माणसाने त्याला भ्यावे असे काही नाही. अडचण येते ती नावाची. स्पेनमध्ये प्रत्येकाला दोन आडनावे, एक बापाचे आणि एक आईचे. लग्नानंतर बाई आडनाव बदलत नाही. आपले मधले नाव, म्हणजे बापाचे किंवा नवऱ्याचे नाव, तिथला कारकून सरळ आडनाव समजतो आणि घरातल्या चौघांची चार घराणी करून टाकतो. म्हणून जन्माचे आणि विवाहाचे दाखले निघण्यापूर्वीच परराष्ट्र खात्याकडून प्रमाणित करून घ्यावेत, आणि सर्व कागदांवर नाव एकाच तऱ्हेने लिहावे.

दुसरी गोष्ट गृहिणीची. मुले सहा महिन्यांत भाषा उचलतात, आणि मग आईला दुकानात, दवाखान्यात, शाळेत मुलांनाच दुभाषे करावे लागते. आपली आई काही समजू शकत नाही, असे मुलांना वाटू लागले की, तिच्या भाषेचीही किंमत त्यांच्या मनात उतरते. लाकडाची पट्टी शाळेनेच गळ्यात घालावी लागते असे नाही. ती अशीही पडते. म्हणून स्पॅनिशच्या वर्गाला पहिले नाव आईचे घालावे, आणि त्या वेळी मुलांना बापाने सांभाळावे. जी आई बाजारात स्पॅनिशमध्ये घासाघीस करते, तिची मराठी मुले आदराने ऐकतात.

तिसरी गोष्ट, मराठीला घरात काम द्यावे. रविवारी अर्धा तास बाराखडी गिरवून ती टिकणार नाही. घरखर्चाचे टिपण मराठीत असावे आणि ते मोठ्या मुलाने लिहावे. सुटीत कुठे जायचे, पैसे कशात घालायचे, याच्या मसलती मराठीत व्हाव्यात आणि मुलांना त्यांत मत असावे. दोन-चार मराठी बिऱ्हाडे एका गावात असतील तर त्यांनी एक भिशी चालवावी आणि तिचा हिशेब मराठीत ठेवावा. ज्या भाषेत मुलाला रागावतात आणि देवापुढे बसवतात, पण निर्णय मात्र घेत नाहीत, ती भाषा मूल मोठे झाल्यावर सोडते.

आणि शेवटची गोष्ट इथे बसलेल्यांसाठी. वेल्श वसाहत पन्नास वर्षे खंगली, त्यात तिकडच्यांचा दोष थोडा. इकडून माणसे जाईनाशी झाली, संबंध विरळ झाला, हे मोठे कारण होते. पालवी फुटली तीही इकडून पाहुणे आणि शिक्षक गेले तेव्हा. आपल्या नातवाने मेक्सिकोहून मोडक्या मराठीत चार ओळी लिहिल्या, आणि आपण त्याला इंग्रजीत शाबासकी दिली, तर त्याच्या मराठीचे काम आपणच काढून घेतले असे होईल. त्याच्या ऱ्हस्वदीर्घाला हसू नये. त्याला मराठीत प्रश्न विचारावेत, त्याच्याकडून उत्तराची वाट पाहावी, तिथल्या मक्याची भाकरी कशी करतात ते विचारून घ्यावे आणि करूनही पाहावी. नातवंडे बोलतील की नाही, या आजीच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर आजीच्याच हाती आहे.